विषय : कुत्री धरणाकडे नेऊन सोडण्याच्या ठरावाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापन समिती,
गंगापूर रोड, नाशिक

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या मीटिंगमध्ये "मॅडम कुत्र्यांवर पीएचडी करतायत, त्यांनाच विचारा" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात पार्किंगमधली चारही कुत्री टेम्पोत घालून गंगापूर धरणाकडे सोडायचा ठराव मंजूरही झाला. माझं बोलणं राहिलं, म्हणून हे पत्र.

माझा विषय नुसती कुत्री नव्हे; शहरात माणूस आणि जनावर एकमेकांचे कोण लागतात, हा आहे. विल किम्लिका आणि सू डोनाल्डसन या कॅनडातल्या अभ्यासकांनी 2011 मध्ये मांडलं की पाळीव प्राणी आपल्या समाजाचे सदस्य, रानातले आपापल्या मुलखाचे धनी, आणि कबुतरं-खारींसारखे अधलेमधले हे शेजारी. आपला काळू यात कुठेच धड बसत नाही. जात पाळीव, पण मालक नाही. आणि गेट मात्र वॉचमनपेक्षा चोख राखतो. माझ्या प्रबंधाचं घोडं इथेच अडलंय.

पण उचलून दुसरीकडे सोडण्याबाबत माझ्या मनात शंका नाही. जुन्नरला बिबटे असेच पकडून लांब सोडले. माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते 2001 ते 2003 या काळात 17 वर गेले. जागा बदलली की जनावर बिथरतं. कुत्र्याचं तर आणखी वाईट, तिथली टोळी त्याला उभं करत नाही. शिवाय आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, त्यात वजनाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. धरणाच्या बाजूला बिबटे आहेत हे आपण सगळेच जाणतो.

कायद्यातही हे बसत नाही. केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं त्याच जागी परत सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 ला तेच सांगितलं. पिसाळलेली आणि हिंस्र कुत्री तेवढी वगळली.

आता माझी चूक. ए विंगच्या काकू काठी टेकत येत असताना राणी अंगावर धावली, कारण मी लिफ्टपाशीच खायला घालत होते. नियमांत जिने, येण्याजाण्याची वाट आणि मुलांची खेळायची जागा टाळून ठिकाण ठरवायला सांगितलंय, आणि ते सोसायटीनेच ठरवायचं आहे. मागच्या पाण्याच्या टाकीजवळ, रात्री दहानंतर, असं सुचवते. भांडी मी उचलीन. दोघांचे कान कापलेले आहेत, म्हणजे त्यांची नसबंदी झालेली आहे. उरलेल्या दोघांसाठी महापालिकेकडे समितीच्या लेटरहेडवर अर्ज द्यावा. आणि ओल्या कचऱ्याच्या ड्रमला झाकण हवं, हे मी तिसऱ्यांदा लिहितेय.

ठराव येत्या शनिवारपर्यंत थांबवावा. टेम्पोवाल्याला दिलेला ॲडव्हान्स बुडत असेल, तर तो माझ्या मेंटेनन्समध्ये लावा.

आपली,
बी विंग, तिसरा मजला