फ्रँक वॉरेल यांचे कर्णधारपद

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

फ्रँक वॉरेल हे नाव निघाले की आपल्याकडे एकच आठवण सांगितली जाते. १९६२ मध्ये ब्रिजटाउनला चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दारात होते, तेव्हा चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांच्याप्रमाणे वेस्ट इंडिजच्या या कर्णधारानेही त्यांच्यासाठी रक्त दिले. ती आठवण जपलीच पाहिजे. पण तेवढ्यावर थांबणे हा वॉरेल यांच्यावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या वॉरेल यांनी १९५० मध्ये ट्रेंट ब्रिजवर २६१ धावा केल्या होत्या. तरीही १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध कर्णधार जेफ स्टोलमेयर जखमी झाले, तेव्हा संघात वॉरेल, वीक्स, वॉल्कॉट असे तिघेही नामवंत कृष्णवर्णीय फलंदाज असताना कर्णधारपद डेनिस अ‍ॅटकिन्सन या गोऱ्या खेळाडूकडे गेले. जॉर्ज हेडली यांना १९४८ मध्ये एका कसोटीपुरता मिळालेला मान सोडला, तर कृष्णवर्णीयाने संघाचे नेतृत्व करायचे नाही, असाच शिरस्ता होता. त्रिनिदादचे लेखक-संपादक सी. एल. आर. जेम्स यांनी आपल्या वृत्तपत्रातून त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि अखेर १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे नेतृत्व वॉरेल यांच्याकडे आले.

ब्रिस्बेनच्या पहिल्याच कसोटीत, आठ चेंडूंच्या शेवटच्या षटकात, ऑस्ट्रेलियाला सहा धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. एवढ्या ताणातही वॉरेल गोलंदाज वेस हॉलजवळ गेले आणि नो-बॉल पडू देऊ नकोस, एवढे शांतपणे बजावून आले. जो सॉलोमनला बाजूने जेमतेम एकच यष्टी दिसत होती. त्याची फेक तिच्यावर अचूक लागली, धावा समान असताना शेवटचा फलंदाज धावबाद झाला आणि कसोटीच्या इतिहासातला पहिला बरोबरीचा सामना नोंदला गेला. मालिका २-१ अशी गमावूनही या संघाला निरोप द्यायला मेलबर्नचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट गेरी अलेक्झांडर यांची: कर्णधारपद गेलेला हा यष्टिरक्षक त्याच दौऱ्यात वॉरेल यांच्या हाताखाली जीव ओतून खेळला आणि सिडनीला त्याने शतक ठोकले.

१३ मार्च १९६७ रोजी, अवघ्या ४२ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने वॉरेल गेले. येत्या स्मृतिदिनी आपल्या क्रीडा पानावर रक्तदानाच्या आठवणीबरोबर या कर्णधारपदाची हकिगतही सविस्तर छापावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
पुणे