मोडीच्या सोन्याला दोनदा कात्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने दागिने मोडीत देण्याविषयीचा कालचा लेख वाचला. वजन गुणिले आजचा भाव, त्यातून थोडी घट वजा, की झाली किंमत! लेखकमहाशयांनी स्वतः कधी दागिना विकलेला दिसत नाही. घडणावळ परत मिळत नाही हे त्यांनी सांगितलं, त्याबद्दल आभार. ते दुकानाची पायरी चढण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं.

खरा प्रश्न असा, की ‘आजचा भाव’ म्हणजे कुठल्या सोन्याचा? भाव 24 कॅरटचा असेल, तर 22 कॅरटच्या दागिन्याचं वजन 22 ने गुणून 24 ने भागायचं. 20 ग्रॅमच्या साखळीत शुद्ध सोनं येतं 18.33 ग्रॅम. पण भाव 22 कॅरटचाच लावला असेल, तर हा भागाकार पुन्हा करायचा नाही, कारण तो भावातच झालेला असतो. माझ्या बहिणीची साखळी विकायला गेलो तेव्हा समोरच्या गृहस्थांनी दोन्ही केलं. भाव 22 कॅरटचा आणि वर ‘शुद्धतेचे’ 916 (हजारात 916 भाग शुद्ध, म्हणजे तेच 22 कॅरट) वेगळे. म्हणजे हिशेबात शुद्ध सोनं उरलं 16.8 ग्रॅम. दीड ग्रॅम सोनं भट्टीत न जाता कॅल्क्युलेटरवरच वितळलं! विचारल्यावर उत्तर आलं, ‘‘सगळीकडे असंच असतं.’’

पुढे कस मोजायचं मशीन. त्यांनी नेमकी साखळीची कडी मशीनखाली धरली. तिथे डाग लावलेला, म्हणजे सांधा जोडलेला, आणि डागाचं सोनं बहुतेक वेळा कमी कसाचंच असतं. आकडा खाली आला. मी म्हटलं, जरा मधल्या कड्या ठेवून बघा. कपाळाला आठ्या पडल्या, पण ठेवल्या, आणि आकडा बऱ्यापैकी वर गेला. हे मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं. मुलामा असला तर ते उलट गिऱ्हाइकाच्या बाजूनेही चुकतं, म्हणजे दुकानदाराची काळजी अगदीच खोटी नाही. मग सरळ आमच्यासमोर वितळवा आणि लगडीचा कस काढा. पण तसं केलं तर घट दोन्हीकडून धरायची नाही. वितळवल्यावर वजन कमी होतं ते लाख, खडे, मळ गेल्यामुळे. सोनं काही जळून उडून जात नाही. लगडीचं वजन आणि लगडीचा कस हातात असताना वर आणखी ‘घट’ कशाची? भट्टी चालवण्याचा खर्च घ्यायचा असेल, तर खुशाल घ्या, फक्त त्याच नावाने घ्या.

यातलं एक अक्षर लेखात नाही. घरून निघण्याआधी दागिना साध्या काट्यावर तोलावा, आतला शिक्का भिंगाने वाचावा (750 म्हणजे 18 कॅरट, 585 म्हणजे 14), खडे आणि लाख यांचं वजन अंदाजाने वगळावं आणि शुद्ध सोन्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून न्यावा, एवढं जरी छापलं असतं तरी वाचकांचं भलं झालं असतं. त्याऐवजी चित्र कशाचं, तर चकचकीत नाण्यांच्या राशीचं! मोडीला नाणी कोण नेतं?

जाता जाता आणखी एक. लेखाला अगदी खेटून जुनं सोनं विकत घेणाऱ्यांची भली मोठी जाहिरात होती. हा योगायोगच असणार, असं मी समजतो. जाहिरातीतला ‘सर्वोत्तम भाव’ चांगला बोटभर अक्षरात होता आणि आपल्या रोजच्या भावाच्या चौकटीतला टाइप मात्र मला चष्मा लावूनही वाचता येत नाही. त्या चौकटीत भाव किती कॅरटचा आणि तो विक्रीचा की खरेदीचा, हेही कुठे लिहिलेलं नसतं. एवढी दोन शब्दांची जागा उद्यापासून काढावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार