चि. प्रथमेशला

चि. प्रथमेश,
अनेक आशीर्वाद.

तुझं नोकरीचं कंत्राट संपल्याचं बाळ्याकडून कळलं. तू सांगितलं नाहीस याचा राग नाही. थोडा आहे. मला एकच विचारायचंय, मोबाईलवरून कर्ज काढलं नाहीस ना?

परवा सरकारी पाहणीवाली मुलगी आली होती, हातात टॅब. गेल्या सात दिवसांत कोणी तासभर तरी काम केलं का, विचारत होती. आई दोन दिवस काजू सोलायला गेलेली, मी कलमांवर फवारणी केलेली. दोघंही रोजगारात! शेजारचा पिंट्या म्हणाला, काम शोधत नाही आणि मिळालं तरी आता नको. म्हणून तो बेरोजगारांतही नाही. तुझं नाव घेतलं, तर सहा महिन्यांहून जास्त बाहेर आहे तो या घरात धरत नाहीत म्हणे. म्हणजे बघ, आपल्या पाखाडीत बेरोजगार कोणी नाहीच. असलेले पनवेल-विरारला. वर्षभराच्या हिशेबाने देशाचा बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ वर आला, असंही तिने सांगितलं. पण १५ ते २९ वयाच्यांचा १०.२. काम करणाऱ्या किंवा मागणाऱ्या दहा पोरांत एक बेकार. तू एकटा नाहीस, एवढ्यासाठी लिहिलं.

इथे काम नाही असंही नाही. बागांची राखण नेपाळी करतात, रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात बोटीवर खलाशीही नेपाळचेच. आपल्या पोरांना मात्र... जाऊ दे, भाषण सुरू झालं माझं. रागावू नकोस. डिप्लोमा झालेल्या मुलाला खलाशी हो म्हणून मला सांगवत नाही, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंदच.

ते कर्जाचे ॲपवाले म्हणे फोनमधल्या सगळ्या नंबरांवर फोन करतात. आत्याकडे आला तर? नको, पुन्हा तेच.

आजोबांचं तुला कोणी सांगितलं नसेल. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप झाला आणि ते शिमग्याला ट्रंक घेऊनच आले. कोणी विचारलं की म्हणायचे, रजा आहे. मी लहान, मला मजाच. परळच्या खानावळवालीची उधारी अंगावर होती, ती आजीची पाटली गेली तेव्हा घरात कळली. त्या बाईने तगादा लावला नव्हता हो. उलट पोस्टकार्ड टाकलं, तब्येत कशी आहे म्हणून. आजोबांनी ते कार्ड देवघरात मागे खोचून ठेवलेलं. आजी त्या बाईचं नाव शेवटपर्यंत अहो-जाहो करून घ्यायची.

अप्रेंटिस असताना बंद पडलेला पंप तू एकट्याने उघडून चालू केलास, हे मी एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ऐकवलंय. त्याला लांज्याला उतरायचं होतं, तरी ऐकलं बिचाऱ्याने.

शिमग्याला ये. गाव भरलेला असतो, कोण कशाला आलाय कोणी विचारत नाही आणि पालखीला खांदे लागतातच. नाही आलास तरी चालेल, पण फोन उचल.

आणि कर्ज घेतलं असशील तर नुसता आकडा कळव. कारण नको. पतपेढीतली ठेव मुदतीआधी मोडता येते, व्याज थोडं कमी मिळेल. आईला मी सांगेन.

तुझा,
बाबा