बाबांच्या पायाच्या दुखण्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबा "बरंय" म्हणून विषय संपवतात म्हणून लिहूनच पाठवतेय. गणपतीत घरी आले तेव्हा बघितलं, झोपताना बाबा डाव्या पायावरची चादर बाजूला सारतात, नुसतं कापड टेकलं तरी आग होते म्हणून. पाठीच्या ऑपरेशननंतरच्या एमआरआयमध्ये नस मोकळी दिसतेय मग दुखतं कसं, असं जो तो विचारतो आणि कोणीतरी तर "मनाचं आहे" म्हणालं, मला इतका राग आला. बाबा, मनाचं नाहीये हो ते! नस बरेच दिवस दबून राहिली की तिलाच इजा होते, मग ऑपरेशन करून दाब काढला तरी ती चुकीचे सिग्नल पाठवत राहते, म्हणून त्या चमका, त्या मुंग्या.

मेडिकलमधून परस्पर आणलेलं ते पेनकिलर, डायक्लोफेनॅक, आता पुरे. नसेच्या दुखण्याला त्याचा फारसा उपयोग नाही आणि तुम्हाला बीपी, रोज घेतलं तर किडनीवर येईल. प्रीगाबालिनची गोळी नसेच्या दुखण्यासाठी आहे, पण ती कमी डोसपासून हळूहळू वाढवतात, फरक कळायला काही आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे चार दिवसांत सोडून देऊ नका, आणि नंतरही मनाने एकदम बंद करायची नसते. गरगरतं हे खरंय, म्हणून आई, रात्री बाथरूमचा लाईट चालूच ठेव. आणि क्रिएटिनिनची टेस्ट करून घ्या, डोस किडनी बघून ठरतो.

दुसऱ्या ऑपरेशनचं मात्र घाईने ठरवू नका, नस दबलेली दिसतच नसेल तर परत पाठ उघडून काय मिळणार? आधी पेन क्लिनिकला दाखवू. गोळ्या-व्यायामाने भागलं नाही तर स्टिम्युलेटर असतो, मज्जारज्जूजवळ बारीक वायर सोडून हलका करंट देतात. खर्च लाखांत आहे, पण आधी काही दिवस मशीन बाहेर ठेवून ट्रायल घेतात आणि दुखणं निम्म्यावर आलं तरच बसवतात. पैशांचं मी बघते, त्यावरून नाही म्हणू नका.

फक्त लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, पायातला जोर गेला, तर माझ्या फोनची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.

आई, डिस्चार्ज कार्ड, दोन्ही एमआरआय आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत काढून ठेव, अपॉइंटमेंट मी घेते आणि त्या दिवशी येतेच.

तुमची,
मनू