प्रात्यक्षिकाच्या वहीतला जुना ड्रायव्हर बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या महाविद्यालयांत आणि खासगी क्लासमध्ये जावा शिकणारी मुले डेटाबेसच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात अडकतात, ती बहुधा ड्रायव्हर, म्हणजे जावा प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा दुवा, बसवताना. याला छापील वह्याही कारणीभूत आहेत. काही वह्यांत आजही जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज या जुन्या ड्रायव्हरचा प्रयोग दिलेला असतो. तो ब्रिज २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ मधून काढून टाकला आहे. मुलाने त्या ब्रिजची ओळ कितीही नीट उतरवली तरी ‘क्लास सापडत नाही’ हेच उत्तर मिळणार.

मायएसक्यूएल या डेटाबेससाठी कनेक्टर-जे हा ड्रायव्हर त्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. तिथल्या यादीत ‘प्लॅटफॉर्म इंडिपेंडंट’ निवडावे. त्या झिपमधली एक जार फाइल (जावाच्या क्लासांचे गाठोडे) पुरते. पानावर खाते उघडायला सांगतात, पण खालच्या बारीक दुव्यावरून खात्याशिवायही फाइल मिळते.

खरी गफलत यापुढे होते. प्रोग्रॅम कंपाइल करताना ही जार लागतच नाही, कारण कोडमध्ये फक्त जावाचे स्वतःचे इंटरफेस वापरलेले असतात. त्यामुळे कंपाइल बिनबोभाट होते आणि चालवताना ‘नो सूटेबल ड्रायव्हर’ येते. म्हणून चालवतानाच्या क्लासपाथमध्ये, म्हणजे जावा जिथे क्लास शोधते त्या जागांच्या यादीत, जारचे पूर्ण नाव द्यावे. नुसते फोल्डरचे नाव दिले तर आतल्या जार उचलल्या जात नाहीत, त्यापुढे तिरकी रेघ आणि तारांकन लागते. क्लासपाथ हाताने दिला की चालू फोल्डर आपोआप धरला जात नाही. सुरुवातीला टिंब टाकले नाही तर मुलाचा स्वतःचाच क्लास सापडत नाही. या यादीतल्या दोन जागांच्या मधे विंडोजवर अर्धविराम, लिनक्सवर विसर्ग-चिन्हासारखा कोलन. पॉवरशेलमध्ये अर्धविराम म्हणजे नवी आज्ञा, म्हणून सगळा क्लासपाथ अवतरणात हवा. वेब प्रकल्पात हीच जार वेब-इन्फमधल्या लिब फोल्डरात जाते.

ड्रायव्हरचा क्लास नावाने बोलावणारी क्लास-फॉरनेमची ओळ जावा ६ पासून साध्या प्रोग्रॅमला लागत नाही. लिहायचीच असेल तर नावात ‘सीजे’ हवे. त्याविना असलेले नाव जुने आहे. जार क्लासपाथमध्ये असूनही ‘नो सूटेबल ड्रायव्हर’ आले तर जोडणीच्या पत्त्याची (कोडमधल्या डेटाबेसच्या यूआरएलची) सुरुवात अक्षर न अक्षर तपासावी. ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ म्हणजे सर्व्हर बंद किंवा पोर्ट चुकीचे. मायएसक्यूएलचे नेहमीचे पोर्ट ३३०६. ‘ॲक्सेस डिनाइड’ आले तर ड्रायव्हर उत्तम चालला आहे, पासवर्ड पाहावा. इथे ड्रायव्हर पुन्हा बसवत बसणे हा निव्वळ वेळेचा नाश आहे.

मराठी नावांबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती हमखास असतात. नावाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली की दोष ड्रायव्हरला दिला जातो. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत टेबलला आपोआप मिळणारी अक्षरसंहिता (अक्षरे साठवण्याची पद्धत) देवनागरी न सामावणारी लॅटिन-१ होती, ८.० पासून ती देवनागरी सामावणारी यूटीएफ८एमबी४ झाली. पण जुने टेबल नव्या सर्व्हरवर नेले तरी जुन्याच संहितेत राहते, ते मुद्दाम बदलावे लागते. काही वेळा टेबल ठीक असते आणि विंडोजची काळी खिडकीच देवनागरी दाखवत नाही. खात्री करायला नावांच्या रकान्यावर मायएसक्यूएलचे हेक्स फंक्शन चालवावे, ते साठवलेली अक्षरे सांकेतिक अंकांत दाखवते. उत्तर ‘ई०ए४’ किंवा ‘ई०ए५’ ने सुरू झाले तर अक्षरे शाबूत आहेत. नुसतेच ‘३एफ’, म्हणजे प्रश्नचिन्हाचा संकेत, पुन्हा पुन्हा आले तर साठवतानाच प्रश्नचिन्हे गेली आहेत आणि ती नावे परत येत नाहीत, पुन्हा भरावी लागतात. एवढी एक तपासणी वहीत छापली तरी प्रकल्पाच्या दिवसांतली बरीच धावपळ वाचेल.

‘पब्लिक की रिट्रीव्हल’ (सर्व्हरकडून त्याची सार्वजनिक किल्ली मागवणे) नाकारल्याचा संदेश आला की जोडणीच्या पत्त्याला परवानगीचा पर्याय जोडून मुले मोकळी होतात. प्रयोगशाळेतल्या स्वतःच्या यंत्रावर ते चालेल. ग्राहकाच्या सर्व्हरवर मात्र हा पर्याय ठेवू नये, तिथे जोडणी टीएलएस या सांकेतिक, सुरक्षित पद्धतीनेच करावी.

शिवाजी विद्यापीठाच्या संबंधित अभ्यास मंडळाला आणि महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांना विनंती, की प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या पानावर जावा, मायएसक्यूएल आणि ड्रायव्हर यांच्या आवृत्त्या छापाव्यात. प्रयोगशाळेने जार एकदाच उतरवून सामाईक फोल्डरात ठेवावी, म्हणजे इंटरनेट बंद असले तरी तास अडणार नाही.

— संगणकशास्त्राचे काही शिक्षक, कोल्हापूर