हप्ता छापता, तशी मुदतही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाची घरांविषयीची पुरवणी मी नेमाने वाचते. तिच्यातल्या बहुतेक जाहिरातींत इमारतीचं चित्र असतं, खोल्या किती ते असतं आणि ठळक अक्षरांत महिन्याचा हप्ता असतो. तो हप्ता किती वर्षं भरायचा, व्याजाचा दर किती धरलाय, तो दर बदलला तर काय होईल आणि सगळी मिळून परतफेड किती, यातलं काहीच नसतं. पहिलं घर घेणारी माणसं त्या एका आकड्याशी आपला पगार ताडून बघतात आणि ठरवून मोकळी होतात. म्हणून हे पत्र.

मी रुग्णालयात परिचारिका आहे. माझी धाकटी बहीण एका छापखान्यात हिशेब बघते. 2021 मध्ये आम्ही दोघींनी मिळून आमचं पहिलं घर घेतलं, बदलत्या व्याजदराच्या कर्जावर. तोवर आई आणि आम्ही दोघी भाड्याच्या घरांतच राहिलो. कधी मालकाचा मुलगा परत यायचा असे, कधी मालकाला घर विकायचं असे, कधी भाडं वाढवून हवं असे. दर वेळी सामान हलवताना आईचं शिवणयंत्र सगळ्यांत आधी निघायचं, कारण तिचं काम बंद राहून चालत नसे. असं राहिलेल्या माणसाला आपल्या नावाचं घर म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि नेमकी अशीच माणसं बँकेत गेली की ‘महिन्याला किती?’ एवढंच विचारतात. कर्ज मिळतंय की नाही याचीच इतकी धाकधूक असते की त्यापुढचं काही विचारायचं सुचत नाही.

आम्ही ज्या बँकेत गेलो तिथल्या अधिकाऱ्यांनी आमचे पगार पाहिले, 20 वर्षांचा हप्ता काढला, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “जड वाटतोय का? मग 30 वर्षं करू.” मुदतीचा आकडा बदलला, हप्ता उतरला. ते आपल्या परीने मदतच करत होते. बहिणीने विचारलं, “दर महिन्याला व्याज किती, मुद्दल किती आणि बाकी किती, याचा पूर्ण तक्ता मिळेल का?”

“तो कर्ज मंजूर झाल्यावर मिळतो, मॅडम.”

“मंजूर झाल्यावर बघून मी काय करू?” असं म्हणून ती तिथेच बसून राहिली. शेवटी त्यांनी तो छापून दिला, 20 वर्षांचा आणि 30 वर्षांचा, दोन्ही. त्या रात्री मला ड्यूटी नव्हती. आम्ही दोघी ते कागद मांडून बसलो आणि आमचं घराबद्दलचं सगळं गणित त्या रात्री बदललं.

ज्यांनी असा तक्ता कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. आमच्या वेळी दर 7 टक्क्यांच्या आसपास होता, पण हिशेब 9 टक्क्यांनी मांडते, कारण पुढे तो तिथे गेला. कर्ज 100 रुपये धरा, मुदत 20 वर्षं. हप्ता साधारण 90 पैसे येतो. पहिल्या महिन्याचं व्याजच 75 पैसे, म्हणजे मुद्दलात जातात ते जेमतेम 15 पैसे. मुद्दल तेवढं कमी झाल्यामुळे पुढच्या महिन्याचं व्याज किंचित उतरतं आणि मुद्दलाचा वाटा किंचित वाढतो. असं चालत राहतं. हप्त्यातला निम्म्याहून जास्त भाग मुद्दलात जायला लागतो तो थेट तेराव्या वर्षात. 10 वर्षं, म्हणजे अर्धी मुदत, एकही हप्ता न चुकवता भरलात तरी 100 पैकी 71 रुपये अजून बाकी असतात. निम्मं कर्ज फिटायला 14 वर्षं लागतात. सगळं फिटेपर्यंत 100 रुपयांपोटी 216 रुपये भरून झालेले असतात.

यात कुणी कुणाला फसवत नाही. जेवढी बाकी तेवढ्यावर व्याज, इतका साधा नियम आहे. पण तो ओळीमागून ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. आमच्या वॉर्डात एका वेळच्या तापाच्या आकड्यावरून रुग्णाबद्दल कुणी काही ठरवत नाही, खाटेशी लावलेला पूर्ण तक्ता बघितला जातो. कर्जाच्या बाबतीत मात्र एका हप्त्यावर माणूस 20-30 वर्षांची सही करतो.

आता मुदतीचं बघा. तेच 100 रुपये, तोच 9 टक्के दर, पण 30 वर्षं. हप्ता 90 पैशांवरून 80 पैशांवर येतो. जाहिरातीत हा फरक फार मोहक दिसतो. एकूण परतफेड मात्र 216 वरून 290 रुपयांवर जाते. उलट 15 वर्षांत फेडायचं ठरवलं तर हप्ता एक रुपयाच्या थोडा वर जातो आणि एकूण परतफेड 183 वर थांबते. आम्ही 30 वर्षांचा कागद बाजूला ठेवला. 15 वर्षं झेपण्यासारखी नव्हती. 20 वर्षं घेतली आणि त्यासाठी आधी पाहून ठेवलेलं, आईला आवडलेलं मोठं घर सोडून एक खोली कमी असलेलं घर घेतलं. ज्यांच्या पगारात 30 वर्षांशिवाय हप्ता बसतच नाही त्यांनी घर घेऊच नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांनी 290 चा आकडा बघून मग घर घ्यावं, एवढंच म्हणते.

दर बदलतो म्हणजे काय, हे आम्हाला पुढे कळलं. 2022 मध्ये महागाई वाढली आणि जगभर बहुतेक मध्यवर्ती बँकांनी दर चढवले. आमचं कर्ज घेऊन दोन वर्षं होईतो आमचा दर 7 वरून 9 टक्क्यांवर गेला. दोन टक्के म्हणजे काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. बँकेचं पत्र आलं: हप्ता वाढवायचा की मुदत, ते कळवा. बहिणीने दोन्ही हिशेब मांडले. हप्ता आहे तोच ठेवला, तर उरलेल्या 18 वर्षांची 28 वर्षं होत होती. मी तेव्हा 36 वर्षांची होते. म्हणजे 64 व्या वर्षापर्यंत हप्ते. मुदत तीच ठेवायची तर हप्ता जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढत होता. आम्ही हप्ता वाढवला. मी रात्रपाळ्या वाढवून घेतल्या, बहिणीने सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या एका ठिकाणचं हिशेबाचं काम धरलं. सोपं गेलं नाही. पण त्या पत्राला उत्तर न देणारे आमच्याच इमारतीत कितीतरी आहेत. हप्ता बदलला नाही म्हणजे काहीच बदललं नाही, असं त्यांना वाटतं. पगारातून कापली जाणारी रक्कम तीच असते, त्यामुळे ते वाटणं साहजिक आहे. वाढलेली वर्षं कुठे दिसतच नाहीत.

याहून वाईट होऊ शकतं. 7 टक्क्यांच्या 20 वर्षांच्या कर्जाचा हप्ता 100 रुपयांमागे 78 पैसे असतो. कर्ज नवं असतानाच दर 9.5 टक्के झाला तर महिन्याचं नुसतं व्याज 79 पैसे होतं. हप्ता तसाच राहिला तर माणूस दर महिन्याला पैसे भरतो आणि त्याचं कर्ज वाढत जातं.

माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण ब्रिटनमध्ये परिचारिका आहे. तिथे बहुतेक लोक दोन किंवा पाच वर्षांपुरता दर पक्का करून घेतात आणि ती वर्षं संपली की त्या वेळच्या दराने नवा करार करतात. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला 0.1 टक्के होता, तो ऑगस्ट 2023 मध्ये 5.25 टक्के झाला. मैत्रिणीची दोन वर्षं नेमकी तेव्हाच संपली. तिच्याकडे मुदत आपोआप लांबत नाही, त्यामुळे सगळा भार थेट हप्त्यावर आला आणि एका महिन्यात तिला त्याची झळ बसली. अमेरिकेत 30 वर्षं एकच दर असलेली कर्जं सर्रास असतात. दर कितीही चढले तरी जुन्या कर्जदाराचा हप्ता हलत नाही. तीन माणसं, तिघांचं कर्ज घरासाठीच, पण दर बदलण्याची जोखीम कुणी उचलायची याचं उत्तर तिन्हीकडे वेगळं. आपण यातले नेमके कोण, हे सही करण्यापूर्वी माणसाला ठाऊक असायला नको का? आमच्या करारात ती गोष्ट बारीक अक्षरांतल्या एका वाक्यात होती.

बाकीच्या खर्चांबद्दल फार लिहीत नाही, त्यावर आपल्या पुरवणीत अधूनमधून येतं. फक्त जे आम्हाला कुणी आधी सांगितलं नाही ते लिहिते. बँक आपण ठरवलेल्या किमतीवर कर्ज देईलच असं नाही. तिचा मूल्यांकन करणारा येतो, त्याने किंमत कमी लावली तर मधली रक्कम आपल्याला उभी करावी लागते. नोंदणीचा आणि मुद्रांकाचा खर्च बहुधा आपल्याच खिशातून जातो. कर्जाबरोबर विमा दिला जातो आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळला जातो, म्हणजे त्या विम्यावरही 20 वर्षं व्याज. विमा हवाच, आम्हीही घेतला, पण वेगळा आणि वर्षाच्या वर्षाला भरायचा. दोघांनी मिळून कर्ज घेतलं तर अर्धं-अर्धं देणं होत नाही. एकाने हात वर केले तर दुसऱ्याकडून पूर्ण वसुली होते. आम्ही बहिणी आहोत, एकमेकींवर जीव आहे, तरीही हे आम्ही बसून बोललो आणि घरातला कुणाचा वाटा किती ते कागदावर घेतलं.

बांधकाम चालू असलेलं घर घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. माझ्या वॉर्डातल्या एका सहकारी ताई प्री-ईएमआय भरतात. बँकेने बिल्डरला जेवढी रक्कम दिली तेवढ्यावरचं नुसतं व्याज. त्यातून मुद्दल एका पैशानेही कमी होत नाही, आणि राहत्या घराचं भाडं चालूच असतं. बांधकाम लांबलं की हे दुहेरी देणंही लांबतं. आपण कर्ज फेडतोय असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. मी आमचा तक्ता दाखवला तेव्हा त्या काही वेळ बोलल्या नाहीत. तो दिवस माझ्या मनातून जात नाही, आणि हे पत्र लिहायला मी बसले ते बरंचसं त्यांच्यामुळे.

या तक्त्याचा चांगला उपयोगही आहे. वर्षाला एक हप्ता जादा भरत गेलं आणि बँकेला ‘हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा’ असं लेखी कळवलं, तर 9 टक्क्यांचं 20 वर्षांचं कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी फिटतं. सुरुवातीच्या वर्षांत भरलेली जादा रक्कम सगळ्यांत जास्त कामाची, कारण तिच्यावरचं पुढचं सगळं व्याज वाचतं. बोनस आला की आम्ही दोघी आधी तिकडे वळवतो.

कर्ज काढून घर घेणं वाईट, असं माझं म्हणणं नाही, हे स्पष्ट लिहिते. आमच्यासारख्यांना दुसऱ्या कोणत्या वाटेने घर मिळालं नसतं. आईचं शिवणयंत्र आता खिडकीशी कायमचं आहे, तिची गिऱ्हाइकं पत्ता विचारत नाहीत. रात्रपाळी संपवून मी घरी येते तेव्हा दारावर आम्हा तिघींची नावं असतात. हे घर मला फार प्रिय आहे. ते कर्ज नीट वाचून घेतल्यामुळे दर वाढल्यावरही आमच्या हातात राहिलं.

म्हणून माझी आपल्याकडे मागणी आहे. ज्या जाहिरातीत महिन्याचा हप्ता छापला जातो, तिच्यात त्याच आकाराच्या अक्षरांत आणखी तीन आकडे असावेत: मुदत किती वर्षांची, दर किती आणि तो पक्का की बदलता, आणि 100 रुपये कर्जामागे एकूण परतफेड किती. जाहिरातदारांना अशी अट घालणं अवघड आहे, हे मी समजू शकते. तसं असेल तर निदान पुरवणीच्या पहिल्या पानावर दर आठवड्याला त्या वेळच्या दराचा एक छोटा तक्ता आपण स्वतः छापावा. त्याला दोन बोटांची जागा पुरेल.

बहिणीने 15, 20 आणि 30 वर्षांचे तक्ते 100 रुपये कर्ज धरून तयार केले आहेत, दर दोन टक्क्यांनी वाढला तर काय होतं त्यासह. ते या पत्रासोबत जोडले आहेत. आपल्या अर्थविषयक पानाच्या संपादकांनी ते तपासून घ्यावेत आणि बरोबर वाटले तर जसेच्या तसे वापरावेत. आमची त्याला काही हरकत नाही, नावही नको.

आपली,
एक वाचक