कव्हर वाजवणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला गॅरेजमध्ये जमून गाणी वाजवणाऱ्या ग्रुप्सवरचा लेख वाचला आणि तो डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. या मंडळींचं स्वतःचं काही नसतं, दुसऱ्यांचीच गाणी (ज्याला कव्हर म्हणतात) घासत बसतात, शेजाऱ्यांना ताप देतात आणि वर कॉपीराइटही मोडतात, असं लेखकाचं म्हणणं. लेखकाबद्दल मला आदर आहे, त्यांचं बाकीचं लिखाण मी आवडीने वाचतो, पण हे लिहिण्याआधी त्यांनी एखाद्या रविवारी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये दोन तास बसायला हवं होतं.

गाणं बसवणं म्हणजे काय ते सांगतो. ओरिजिनल काळी चारच्या पट्टीत, आमच्या गाणारीचा आवाज खालचा, म्हणून ते पांढरी चारला उतरवायचं. गिटारवाला तिसऱ्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावून डी पट्टीच्या कॉर्डचे आकार धरतो आणि सुटतो, बाकीच्यांना सगळं नव्याने शोधावं लागतं. नेटवरचे कॉर्ड बरेचदा चुकीचे, त्यामुळे हेडफोन लावून तेच चार सेकंद परत परत ऐकायचे आणि बेस नक्की कुठे जातोय ते पकडायचं. पंचमदांची गाणी तर आम्ही शाळेपासून ऐकतोय, पण वाजवायला घेतल्यावर कळलं की अंतऱ्याच्या मागे एक वेगळीच गिटार चालू असते आणि ती आपण इतकी वर्षं ऐकलीच नव्हती. तिकडे मोठा ऑर्केस्ट्रा, इकडे आम्ही पाच जण, मग व्हायोलिनचा पीस मेलोडिकावर (फुंकून वाजवायच्या छोट्या कीबोर्डवर) घ्यायचा की सरळ सोडून द्यायचा यावर भांडणं होतात, चहा गार होतो. याला घासणं म्हणायचं असेल तर म्हणा, मला नाही पटत.

आणि 'दुसऱ्यांची गाणी' म्हणाल तर जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून बघा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या कुठल्या तरी पदाचं किंवा चिजेचं नाव छापलेलं सापडेल. १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी मानापमानला चाली दिल्या त्या पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्यांवरून, आणि आज आपण त्या अभिमानाने आपल्या म्हणतो. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या एलपीत १४ पैकी ६ गाणी दुसऱ्यांची होती, त्याआधी हॅम्बर्गच्या क्लबांमध्ये ते रात्र रात्र दुसऱ्यांचीच गाणी वाजवत होते. हात असेच बसतात.

कॉपीराइटचं तर लेखात सरळ चुकीचं छापलंय. १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ वाचा, हौशी क्लबने किंवा मंडळाने तिकीट न लावता, पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर गाणी सादर केली तर तो भंग होत नाही असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि आमचे श्रोते म्हणजे कोण, वॉचमन आणि खाली खेळणारी पोरं.

आता त्रासाबद्दल, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. आम्ही आधी एका मित्राच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये वाजवायचो, तो बंगला रिडेव्हलपमेंटला गेला, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा. कमिटीला आधी विचारूनच सुरुवात केली. ड्रमसेट नाही, फक्त कहोन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका. बेसचा आवाज कॉलम-स्लॅबमधून वर चढतो म्हणून अॅम्प जुन्या गादीवर ठेवतो. आठच्या आत सगळं बंद, कायद्यात रात्र दहाला सुरू होते तरीसुद्धा. आणि एका रविवारी साडेसातला, ऐन अंतऱ्यात, कमिटीतल्या एका गृहस्थांनी पार्किंगचा मेन स्विचच पाडला. सांगणं नाही, विचारणं नाही. आमचं सोडा, पण त्या दिवशी सी विंगमधला एक सहावीतला मुलगा पहिल्यांदा युकुलेले घेऊन आमच्यात वाजवत होता, सी, एफ आणि ए मायनर एवढे तीनच कॉर्ड, पण सुट्टीभर बसून घोटलेले. त्याची आई मोबाईलवर शूटिंग करत होती. तो अंधारात तसाच उभा, आणि हे गृहस्थ सगळ्यांसमोर ओरडले, "बंद करा हा तमाशा!" आवाज जास्त वाटत असेल तर दोन पावलं पुढे येऊन सांगायचं, आम्ही लगेच कमी केला असता, त्याआधीही केलाय. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. तो मुलगा त्यानंतर वाजवायला आलेला नाही, मी दोनदा घरी जाऊन बोलावून आलो.

याच पार्किंगमध्ये सोसायटीच्या कार्यक्रमाला डीजेचे बॉक्स लागतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, तेव्हा स्विच कुणी पाडत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा सगळ्यांनाच आहे ना? मग लेखकाने नेमके आम्हीच का धरले? ज्यांना चार माणसं सोबत बसून वाजवतात हेच खुपतं, ते आता तुमच्या लेखाचं कात्रण नोटीस बोर्डावर लावतील, आमच्याकडे तर आज सकाळीच लागलंय.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो तुम्ही उलटा छापलाय. चारही गिटारवाले डावखुरे दिसतायत आणि मागच्या अॅम्पवरची अक्षरं आरशात बघितल्यासारखी आहेत. संगीतावर छापताना एवढं तरी कुणीतरी बघावं, नाटक-सिनेमाच्या पानावरही हल्ली हेच चालू आहे.

कलम ५२ बद्दलची दुरुस्ती कृपया पुरवणीत त्याच पानावर छापा, म्हणजे तीही मला बोर्डावर लावता येईल. जागा कमी पडली तर माझ्या पत्रातला नाट्यसंगीताचा भाग कापा, पार्किंगचा कापू नका.

आपला,
एक नियमित वाचक, सहकारनगर, पुणे